ढगातली थकबाकी

माणसाने आयुष्यात काहीही करावं. हवं तर भिशी चालवावी, परक्यांची लग्नं जमवावीत, सोसायटीचं चेअरमनपद घ्यावं. पण बँकेत कारकून असताना गावातल्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मात्र जाऊ नये. डॉक्टर दिसला की लोक जीभ बाहेर काढतात, तसे बँकवाला दिसला की पावतीपुस्तक बाहेर काढतात. मी बी. कॉम. आहे ही गोष्ट आमच्या घरात कुणी फारशी मनावर घेतलेली नाही. वाचनालयाने ती घेतली, आणि गेली सहा वर्षं मी तिथला खजिनदार आहे. खजिन्याबद्दल इतकंच सांगतो, की आतल्या रकमेपेक्षा बाहेरच्या कुलपाची किंमत जास्त आहे.

आमचं वाचनालय ‘ब’ वर्गातलं. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्याखाली अ, ब, क, ड अशा इयत्ता आहेत. आम्ही वर्षानुवर्षं ‘ब’तच आहोत. पास नाही, नापास नाही. खालच्या मजल्यावर वर्तमानपत्रं, वरच्या मजल्यावर पुस्तकं आणि दोन्हींच्या मध्ये, जिन्याशी, देवघेवीच्या टेबलावर अण्णा.

अण्णा म्हणजे आमचे ग्रंथपाल. मी पहिलीत असताना ते इथे लागले. म्हणजे मला ‘कमळ’ वाचता येत नव्हतं तेव्हापासून त्यांना मी पुढे काय वाचणार हे ठाऊक होतं. कार्यकारी मंडळाच्या सभेत ते मला ‘खजिनदारसाहेब’ म्हणतात आणि सभा संपली की जिन्यातच ‘काय रे’वर येतात. या दोन हाकांमध्ये अकरा पायऱ्या आहेत.

तर दीड-दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मंडळाच्या सभेत आमचे नवे कार्यवाह उठून उभे राहिले. हे गृहस्थ इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात, त्यामुळे ते सभेतही फळा शोधत असतात. ते म्हणाले, “आपलं वाचनालय आता क्लाउडवर न्यायचं!”

सभेत शांतता पसरली. मग कोपऱ्यातून एक निवृत्त सर्कल इन्स्पेक्टर म्हणाले, “म्हणजे ढगात?”

“हो, ढगातच म्हणा.”

“आणि पावसाळ्यात?”

या प्रश्नाला कार्यवाहांकडे उत्तर नव्हतं. मी हसलो नाही, कारण तोच प्रश्न मला पडला होता. फक्त मी बँकेत असल्यामुळे, न समजलेल्या गोष्टीवर मान डोलावण्याचा मला वीस वर्षांचा सराव आहे.

घरी येऊन मी कन्येला विचारलं. ती अकरावीत आहे आणि जगातल्या यच्चयावत गोष्टी तिला सांगून झालेल्या आहेत. ती म्हणाली, “बाबा, क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर. बस्स.”

“दुसऱ्याचा म्हणजे कुणाचा?”

“असतो कुणाचा तरी. मोठ्या मोठ्या हॉलमध्ये हजारो मशीन ठेवलेली असतात. आपण भाड्याने थोडी जागा घ्यायची. आपल्या माहितीच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. एक बंद पडलं की दुसरं चालू.”

मला चटकन समजलं. एका क्लाउडमध्ये किती टक्के विज्ञान असतं ते मला माहीत नाही, पण भाडं म्हटलं की बी. कॉम. जागा होतो. पूर्वी वाचनालयाला कॉम्प्युटर करायचा म्हणजे यंत्र विकत घ्या, त्याला एसीची खोली द्या, बॅटऱ्या बदला, आणि पाच वर्षांनी ते यंत्र भंगारवाल्याच्या गाडीपर्यंत उचलून न्यायला दोन माणसं बघा. हा झाला भांडवली खर्च. आता यंत्र कुणाचं, खोली कुणाची, वीज कुणाची, काही बघायचं नाही. दरवर्षी भाडं भरायचं. हा महसुली खर्च. सांगायचं तात्पर्य, हिशेबाच्या दृष्टीने क्लाउड म्हणजे स्वतःचं घर विकून चाळीत भाड्याने राहायला जाणं. फरक एवढाच, की इथे चाळ जास्त मजबूत असते.

पुढच्या सभेत मी हे भांडवली-महसुली समजावून सांगितलं. ते कुणालाच कळलं नाही, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. त्याच सभेत अध्यक्ष सहज बोलावं तसं म्हणाले, “मग आता अण्णांची एवढी गरज राहणार नाही. संध्याकाळी दोन तास एखादा मुलगा बसवला की झालं. भाडंही त्यातून निघेल.” अण्णा तेव्हा खाली चहा सांगायला गेले होते. मला काहीतरी बोलायचं होतं. पण तेवढ्यात चहा आला आणि मी बशीत लक्ष घातलं. ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही.

सॉफ्टवेअर घेतलं ते ‘कोहा’ नावाचं. मला आधी वाटलं, हा जपानी खोकला असावा. पण नाही. हे न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या ग्रामीण भागातल्या वाचनालयांसाठी तयार झालं. १९९९ संपताना जगभरच्या कॉम्प्युटरांना दोन हजार साल मोजता येणार नाही अशी भीती होती, आणि यांचं जुनं यंत्र त्यातलंच. म्हणून त्यांनी नवं लिहून घेतलं, जानेवारी २००० मध्ये चालू केलं आणि सगळ्या जगाला फुकट वापरू दिलं. ‘कोहा’ म्हणजे तिथल्या माओरी भाषेत भेट. एका वाचनालयाने बाकीच्यांना आहेर द्यावा आणि त्याची परतफेड मागू नये, हे ऐकून मी खजिनदार असूनही गहिवरलो. सॉफ्टवेअर फुकट, ते ढगात टांगून ठेवणाऱ्या कंपनीला मात्र वर्षाचे पैसे. लग्नात आहेर फुकट असतो आणि हॉलचं भाडं पडतं, तसंच हे.

आपलं सरकारही मागे नाही. त्यांनी आपल्या क्लाउडचं नाव ठेवलंय ‘मेघराज’, आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’ त्या मेघराजावर चालतं. नाव ठेवणारा माणूस नक्की कालिदास वाचलेला असणार. त्या यक्षाची वर्षभरासाठी रामगिरीला बदली झाली होती, आणि त्याने बायकोला निरोप मेघाबरोबर धाडला. बदलीचं दुःख मी समजू शकतो. पण त्या मेघाने निरोप पोचल्याची पोच दिल्याचं काही वाचनात नाही. क्लाउडवर विसंबताना हे लक्षात ठेवायला हवं होतं.

मग कंपनीची दोन मुलं आली आणि त्यांनी नोंदी उतरवायला घेतल्या. अण्णांचं राज्य म्हणजे लाकडी खणांचं एक कपाट. त्यात तालिकेची कार्डं, काठ काळे पडलेली, मधोमध भोक आणि त्यातून पितळी गज. वास्तविक या कार्डांचा जमाना साऱ्या जगात आटोपला आहे. अमेरिकेत ओहायोमध्ये ओसीएलसी नावाची संस्था आहे. तिने १९७१ पासून तारेवरून सामाईक तालिका चालवली, म्हणजे एका ग्रंथालयाने एखाद्या पुस्तकाची नोंद केली की बाकीच्यांनी ती तशीच उचलायची. वर मागेल त्याला छापील कार्डंही पुरवली. १ ऑक्टोबर २०१५ ला तिनेही शेवटचं कार्ड छापलं. मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं. आता त्यांच्याकडे कोरी उरली असतील तर मागवून घे.”

अण्णांच्या टेबलामागे डॉ. रंगनाथन यांचा फोटो आहे. हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले. ग्रंथ वापरण्यासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवा. आणि ग्रंथालय ही वाढणारी वस्तू आहे. अण्णांनी पहिले चार नियम जन्मभर पाळले. पाचव्यासाठी जागा आणि अनुदान दोन्ही अपुरं पडलं.

मी बँकवाला असल्यामुळे मला हे स्थलांतर नवं नव्हतं. आमच्या शाखेत मी लागलो तेव्हा लेजरं होती. एकेक लेजर उचलताना धापा लागत, आणि खातेदाराची सही बघितली की त्याची प्रकृती कळे. मग सगळं कोअर बँकिंगमध्ये गेलं. लेजरं गेली, बरगड्या सुटल्या, आणि ‘लिंक नाही’ हा मराठी भाषेतला नवा वाक्प्रचार जन्माला आला. म्हणून मी अण्णांना धीर दिला, “सुरुवातीला त्रास होतो, अण्णा. मग सवय होते.”

“कशाची? कामाची की त्रासाची?” अण्णांनी विचारलं.

आता खोटं कशाला बोला, फायदे झाले. पुष्कळ झाले. पुस्तक आत आहे की बाहेर, हे लोक घरबसल्या फोनवर बघू लागले. स्पर्धा परीक्षेला बसलेली मुलं आरक्षण टाकून ठेवू लागली. खेड्यावरून येणाऱ्या मास्तरांचा एस. टी.चा हेलपाटा वाचला. खरगपूरच्या आयआयटीने उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आमच्याच खुर्चीवर बसून उघडता येऊ लागलं. आणि त्या सर्कल इन्स्पेक्टरांच्या पावसाळ्याचं उत्तरही मला मिळालं. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ च्या पुराचं पाणी शिरलं, आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत शिरलं. आयुष्यभर जमवलेल्या पुस्तकांचा लगदा होताना ज्यांनी बघितला असेल त्यांना विचारावं. कागदाच्या पुस्तकाला क्लाउड वाचवू शकत नाही. पण काय होतं, किती होतं, कुठल्या पुस्तकाची किती प्रत उरली, ही यादी तरी पाण्याखाली जात नाही. आणि जुनं पुस्तक आधी स्कॅन करून ठेवलेलं असलं तर त्याचा मजकूरही. ज्या ढगाने बुडवायचं त्याच्याच नावाच्या वस्तूने तारायचं, असा हा न्याय आहे.

पण प्रत्येक खात्याला दोन बाजू असतात. जमेची वाचली, आता नावेची वाचतो. क्लाउडमधलं इंग्रजी ई-पुस्तक ग्रंथालय विकत घेतं म्हणजे बहुतेक वेळा नुसता परवाना घेतं. २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशकांनी अमेरिकेतल्या ग्रंथालयांना कळवलं, की आमचं ई-पुस्तक सव्वीस वेळा द्या. सत्ताविसाव्या वाचकासाठी नवा परवाना घ्या. कागदाचं पुस्तक जीर्ण होतं, मग याने का होऊ नये, असा त्यांचा हिशेब. आमच्याकडे काही पुस्तकं दीडशे वेळा गेलेली आहेत आणि पहिली बारा पानं नसतानाही लोक आनंदाने नेतात. २००९ साली तर ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या विकलेल्या प्रती लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या. ते हक्कांचं काही प्रकरण होतं. पैसे परत केले, नंतर माफीही मागितली. पण विकलेलं पुस्तक रात्रीतून घरात शिरून उचलून न्यायचं, तेही सरकार कागद पुसून टाकतं अशी गोष्ट सांगणारं पुस्तक! आमच्याकडे पुस्तक न परत करणारे वाचक आहेत. पण न विचारता घरात शिरून परत घेऊन जाणारे अण्णा नाहीत.

आणि तरीही मी क्लाउडला नावं ठेवणार नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर २०२३ च्या ऑक्टोबरात कॉम्प्युटरवाल्या दरोडेखोरांनी हल्ला केला. खंडणी दिली नाही. तालिका काही महिने बंद. जानेवारीत ती परत आली तीही फक्त बघण्यापुरती. पुढे त्यांनी स्वतःच अहवाल छापला. त्यात आहे, की जे घरच्या जुन्या यंत्रांवर होतं ते आडवं झालं, आणि जे क्लाउडवर होतं ते चालू राहिलं. क्लाउडवर काय होतं? तर हिशेब आणि पगार! म्हणजे पुस्तक मिळत नव्हतं, पण पगार होत होता. आमच्या शाखेत मी ही बातमी वाचून दाखवली तेव्हा साऱ्या स्टाफच्या मनात क्लाउडविषयी एकदम आदर निर्माण झाला.

आमच्यावर दरोडा पडला नाही. आमचा ढग आम्हीच घालवला. खरं म्हणजे मीच. वर्ष संपलं, भाडं भरायचं राहिलं. कंपनीने आठवण केली असणार, पण ती पोचली आधीच्या कार्यवाहांच्या फोनवर, कारण नोंदणी त्यांच्या नंबरवर झाली होती. आणि ते तर मुलीकडे कॅनडाला. भाडं भरायचं तर आधी ओटीपी हवा. तो जाणार त्यांच्याकडे. दहा मिनिटांत टाकला नाही तर बाद. आमच्याकडे दुपार असली की तिकडे मध्यरात्र. मी फोन करायचा, त्यांच्या जावयाने दचकून उठायचं, सासऱ्यांना उठवायचं, त्यांनी चष्मा शोधायचा, आणि चष्मा सापडेपर्यंत अकरावं मिनिट लागायचं. दोन दिवस हे चाललं.

त्या संध्याकाळी मी वाचनालयात गेलो. जिन्याशी बरीच माणसं उभी. अण्णांनी मान वर केली आणि साऱ्या लोकांसमोर म्हणाले, “लिंक नाही. उद्या या.”

वीस वर्षं मी हे वाक्य काउंटरच्या या बाजूने बोललो आहे. काउंटरच्या त्या बाजूने ते ऐकायला कसं लागतं, हे मला प्रथमच कळलं. माझा चेहरा बघून अण्णांना दया आली असावी. त्यांनी टेबलाखालून एक लांबट वही काढली. गेलं वर्षभर, कंपनीच्या मुलांना पत्ता न लागू देता, ते सारी देवघेव वहीतही लिहीत होते. “नंबर सांगा,” ते लोकांना म्हणाले, आणि रांग सरकू लागली.

भाडं भरलं, ढग परत आला. आणि त्याच्यापाठोपाठ, श्रावणातली एक सर यावी तसा, माझ्या फोनवर एक संदेश आला. पहिल्या वर्षी संदेश पाठवायची सोय आम्ही घेतली नव्हती. या वर्षीच्या भाड्यात ती फुकट मिळाली होती. संदेश बाबांच्या नावाने होता.

‘प्रिय सभासद, आपण दिनांक २ जून २०११ रोजी नेलेले पुस्तक मुदतीत परत केलेले नाही. मुदतीचा दिनांक १७ जून २०११. १ ऑगस्ट २०२४ अखेर विलंब शुल्क रुपये २३९७ फक्त. कृपया त्वरित भरावे.’

बाबा ११ जून २०११ ला गेले.

मी खुर्चीवर बसलो. आणि काय सांगू, सवयीचा परिणाम, मी पहिल्यांदा हिशेब तपासला. चार हजार सातशे चौऱ्याण्णव दिवस, रोजचे पन्नास पैसे. बरोबर होता. मधली चारही लीप वर्षं धरली होती. आमच्या शाखेत व्याज काढताना माणसं एखादं लीप वर्ष सोडून देतात. याने एकही सोडलं नव्हतं. बाबा गेल्याला इतके दिवस झाले हे मला या ढगाने दिवस मोजून सांगितलं.

मी संदेश आईला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं आणि विचारलं, “ते कॉम्प्युटर कुठे आहे म्हणालास?”

“क्लाउडवर. ढगात.”

“आणि हे कुठे आहेत?”

मी गप्प.

“मग तिथल्या तिथे मिटवा म्हणावं,” आई म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. पण त्या दिवशी भातात दोन खडे निघाले.

पुस्तक आमच्या हिने शोधलं. हॉस्पिटलात बाबांबरोबर गेलेली पिशवी जशी घरी आली तशीच माळ्यावर गेली होती, तेरा वर्षं कुणी उघडली नव्हती. त्यात धोतर, तांब्या, चष्म्याची रिकामी डबी आणि वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं ते पुस्तक. हिमालयातलं प्रवासवर्णन. बाबा एस. टी.त वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर स्टँडवरच्या माइकवरून त्यांनी लोकांना पुणे, पंढरपूर, तुळजापूरला धाडलं, ‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं’ म्हटलं, आणि स्वतः पंढरपूरच्या पलीकडे गेले नाहीत. हिमालय ते पंधरा पंधरा दिवसांच्या बोलीवर घरी आणत. एकशे त्रेचाळिसाव्या पानावर खूण म्हणून एस. टी.चं जुनं, भोकं पाडलेलं तिकीट होतं. पुस्तक होतं दोनशे ऐंशी पानांचं.

मी पुस्तक घेऊन अण्णांकडे गेलो. ते एकटेच होते. मी पुस्तक टेबलावर ठेवलं. अण्णांनी कव्हरावरून हात फिरवला, म्हणाले, “सापडलं का?”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“मग? माझ्याच हाताने दिलंय. ते कार्ड मी खणात मागे सरकवून ठेवलं होतं. असल्या पुस्तकाची मागणी करायला घरी माणूस पाठवतात होय रे? पण त्या पोरांनी खण उपसले, त्यात तेही निघालं. त्यांनी टाइप केलं. त्यांचं काय चुकलं?”

खरं आहे. त्या पोरांचं काही चुकलं नव्हतं, ढगाचंही नाही. ढगाला स्मरणशक्ती असते, भीड नसते. अण्णांना दोन्ही होतं.

मी खिशातून २३९७ रुपये काढले. खजिनदाराने स्वतःच्या बापाचा दंड माफ केला असं हिशेबतपासनिसाने लिहायला नको. अण्णांनी पैशांकडे बघितलंही नाही. खालच्या खणातून त्यांनी वाचनालयाच्या नियमांचं पिवळं पडलेलं पुस्तक काढलं आणि बोट ठेवलं. ‘विलंब शुल्क कोणत्याही परिस्थितीत पुस्तकाच्या किमतीपेक्षा अधिक आकारले जाणार नाही.’ पुस्तकाची किंमत साठ रुपये.

“हे त्या कॉम्प्युटरला माहीत नाही का?” मी विचारलं.

“त्याला विचारायची सोय आहे. मी बघितलं ना काल. दंडाची जास्तीत जास्त मर्यादा म्हणून एक रकाना आहे. तो भरायचा असतो. त्या पोरांनी तो मोकळा सोडला, कारण त्यांना आपला नियम कुणी सांगितला नाही. आणि आपण तरी कुठे वाचला होता, खजिनदारसाहेब?”

जिन्याच्या खालच्या पायरीवरही त्यांनी मला ‘खजिनदारसाहेब’ म्हटलं, तेव्हा मला लागायचं तिथे लागलं.

पुढच्या सभेत ‘ग्रंथपाल पदाचा पुनर्विचार’ हा विषय आला. अध्यक्षांनी चहा मागवला. मी मात्र कप आल्याबरोबर बाजूला सरकवला. सभेत मी हिशेबाशिवाय बोललो अशी ती पहिलीच वेळ. म्हटलं, क्लाउड राहू दे. त्याचं भाडं मी वेळेवर भरीन, ओटीपी माझ्या फोनवर येईल अशी व्यवस्था केली आहे. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये रकाने आहेत. दंड किती, कुणाला माफ, मुदत कुणाला वाढवून द्यायची, सभासदाने काय वाचलं ते लक्षात ठेवायचं की पुसायचं, हे सगळे रकाने आहेत. न्यूझीलंडवाल्यांनी माया करायलासुद्धा जागा ठेवली आहे. पण काय भरायचं हे ठाऊक असलेला माणूस लागतो. तो आपल्याकडे एकच आहे. संध्याकाळी दोन तास येणारा मुलगा ते रकाने मोकळे सोडील, आणि मग आपण गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाला बिलं पाठवू. त्या निवृत्त सर्कल इन्स्पेक्टरांनी टेबलावर हात आपटला. त्यांच्या पत्नीच्या नावावरही दिवाळी अंक बाकी निघाला होता, हे मला नंतर कळलं. विषय पुढे ढकलण्यात आला. आमच्या मंडळात पुढे ढकलणं म्हणजे कायमचं मिटणं.

त्या दिवशी अण्णांनी माझ्याकडून साठ रुपये घेतले, पावती फाडली आणि विचारलं, “आता पुस्तक जमा करू ना?”

मी “हो” म्हणालो, पण हात काही पुस्तकावरून निघेना. “अण्णा, जमा केलं की बाबांचं खातं बंद करावं लागेल ना?”

अण्णांनी चष्मा पुसला. “ते तू बँकेत करतोस तसं. इथे त्यांची पन्नास रुपये अनामत जमा आहे. अनामत परत मागायला कुणी आलेलं नाही. मग खातं कसं बंद करणार? वर्गणी मात्र चालू ठेवावी लागेल.” एवढं बोलून ते स्क्रीनकडे वळले. “नूतनीकरण करू?”

तेव्हापासून हे पुस्तक बाबांच्या नावावर आहे. दर पंधरा दिवसांनी मी घरी बसून फोनवर बटण दाबतो आणि ढगात कुठेतरी बाबांची मुदत पंधरा दिवसांनी वाढते. असं दोनदाच करता येतं. तिसऱ्या वेळी पुस्तक प्रत्यक्ष नेऊन दाखवावं लागतं, असा नियम आहे. तो रकाना अण्णांनी न विसरता भरला आहे. मग मी दीड महिन्यातून एकदा पुस्तक घेऊन जातो. अण्णा ते जमा करतात, मागच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारतात, आता खरं तर शिक्क्याची गरज नाही, आणि पुन्हा मला देतात.

काल गेलो होतो तेव्हा शिक्का मारताना म्हणाले, “काय रे, कुठवर आलं?”

“एकशे सत्तेचाळीस.”

“चार पानं? एवढ्या महिन्यांत?”

“घाई कशाला करायची, अण्णा,” मी म्हणालो. “पुढे चढ आहे.”